गॅरेज चार किलोमीटरवर, गाडी बंद: कमी खर्चात टोचन कसं करायचं

समजा कोथरूडला सोसायटीत बंद पडलेली गाडी वारज्याच्या गॅरेजला न्यायची आहे. अंतर जेमतेम चार किलोमीटर. क्रेनवाला फोनवर दोन हजार सांगतो आणि आपल्या डोक्यात लगेच भागाकार सुरू होतो: किलोमीटरला पाचशे? लूटच की!

हा भागाकार चुकीचा आहे. क्रेनवाल्याला तुमचे चार किलोमीटर दिसत नाहीत. त्याच्या अड्ड्यापासून तुमच्यापर्यंत आठ किलोमीटर रिकामं यायचं, गाडी चढवायला वीस-पंचवीस मिनिटं, मग तुमचे चार, उतरवायला पंधरा मिनिटं आणि परत दहा किलोमीटर रिकामं जायचं. एवढ्यात त्याचे दीड-दोन तास जातात. म्हणून सगळ्यांचं एक किमान भाडं असतं, आणि त्यात पहिले काही किलोमीटर धरलेले असतात. जवळच्या टोचनमध्ये तुम्ही पैसे देता ते गाडी बोलावण्याचे. अंतरावरून घासाघीस करून फारसं काही सुटत नाही. पैसे वाचतात ते रिकामी फेरी, वेटिंग, चुकीची क्रेन आणि दुसऱ्यांदा करावं लागणारं टोचन टाळल्यानं.

आधी बघा, टोचन लागतंय का

सुरू न होणाऱ्या कितीतरी गाड्यांना क्रेन नको असते, मेकॅनिक हवा असतो. चावी फिरवल्यावर नुसतं टक-टक ऐकू येतं, हॉर्न घोगरा झालाय, डॅशबोर्डचे दिवे मंद आहेत, तर संशय बॅटरीवर. जंपर केबल असलेला बॅटरीवाला जागेवर येऊन काम करून जातो आणि ते क्रेनपेक्षा बरंच स्वस्त पडतं. ऑटोमॅटिक गाडी लीव्हर पी (पार्क) किंवा एन (न्यूट्रल) मध्ये नसेल तर सुरूच होत नाही. बटण-स्टार्ट गाडीत चावीचा सेल संपला असेल तर चावी थेट बटणाला टेकवून पाहा, बऱ्याच गाड्या तेवढ्यावर सुरू होतात. पंक्चर असेल आणि स्टेपनीत हवा असेल तर प्रश्नच मिटला.

पण काही वेळा ‘हळूहळू नेऊ’ हा मोह महागात पडतो. टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात गेलाय, ऑइलचा लाल दिवा पेटलाय, ब्रेक पेडल तळाला जातंय, गाडीखाली ऑइलचं डबकं साचलंय, अशा गाडीला दोन किलोमीटरही चालवू नका. आणि पावसाळ्यात बॉनेटपर्यंत पाणी चढलेल्या गाडीला चावी लावायचीच नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला की पिस्टन पाण्यावर आपटतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन हजारांचं टोचन वाचवायला गेलं की काम पूर्ण इंजिनवर येतं, आणि साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं कलम वेगळं घ्यावं लागतं. मुंबई-ठाण्यात जोरदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच क्रेन हवी असते. तुमची गाडी उंचावर, सुरक्षित जागी असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि एक-दोन दिवस थांबा. भाव खाली येतो.

तुम्ही पैसे आधीच भरलेत का?

क्रेन शोधण्याआधी पॉलिसीची पीडीएफ उघडा. ‘रोडसाइड असिस्टन्स’ (रस्त्यात गाडी अडली तर मिळणारी मदत) किंवा ‘आरएसए’ हा शब्द शोधा. हे कलम पॉलिसी घेताना कधी कधी आपोआप जोडलं जातं आणि मालकाला पत्ताच नसतो. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीचं वेगळं आरएसए असू शकतं, त्याचा नंबर बहुधा काचेवरच्या स्टिकरवर किंवा सर्व्हिस बुकात असतो. फोन लावल्यावर तीन गोष्टी विचारा. फुकट टोचन किती किलोमीटरपर्यंत? ते अंतर गाडी बंद पडली तिथून मोजतात की क्रेन निघते तिथून? आणि माझ्या पसंतीच्या गॅरेजला नेता येईल का, की फक्त कंपनीच्याच वर्कशॉपला? चार-पाच किलोमीटरचं काम बहुतेक मर्यादांमध्ये आरामात बसतं. म्हणजे जवळच्या टोचनला आरएसए असेल तर खिशातून काहीच जायला नको.

यात एक खाच आहे. आरएसएची क्रेन यायला वेळ लागतोय म्हणून वैतागून परस्पर दुसरी बोलावली, तर ते पैसे सहसा परत मिळत नाहीत. तसं करायचंच असेल तर आधी त्यांच्याकडून मेसेजवर मंजुरी घ्या.

अपघात झाला असेल तर गणित वेगळं. खासगी कारच्या स्टँडर्ड पॅकेज पॉलिसीत अपघातग्रस्त गाडी सुरक्षित ठेवणं, जवळच्या गॅरेजला नेणं आणि परत पोहोचवणं याचा वाजवी खर्च मिळतो, पण एका अपघातामागे सगळा मिळून कमाल १,५०० रुपये. जादा प्रीमियम भरला असेल तर मर्यादा वाढलेली असते. गाडी नुसती बंद पडली तर हे पैसे मिळत नाहीत, आणि फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर हे कलमच नसतं. क्लेम करायचा तर गाडी हलवण्याआधी फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, आणि गाडी थेट कॅशलेस गॅरेजला (जिथे बिल विमा कंपनी थेट भरते) न्या.

एकदाच न्यायची, तीही योग्य जागी

टोचनचा सगळ्यात मोठा वाया जाणारा खर्च म्हणजे दुसरं टोचन. घाबरून गाडी आधी घरी आणली, मग दोन दिवसांनी गॅरेजला नेली: किमान भाडं दोनदा. किंवा रविवारी नेली आणि शटर खाली. किंवा गॅरेजवाला म्हणाला, ‘हा गिअरबॉक्स आपण उघडत नाही.’ म्हणून क्रेनच्या आधी गॅरेजला फोन करायचा: गाडी कोणती, लक्षण काय, काम तुम्ही करता का, आज आत घ्यायला जागा आहे का?

याच फोनवर पुढचा प्रश्न विचारा: ‘तुमचा टोचनवाला आहे का कुणी?’ बहुतेक गॅरेजचा एक ठरलेला माणूस असतो. गॅरेजवाले त्याला नेहमी कामं देतात, त्यामुळे गॅरेजमार्फत आलेला भाव तुम्ही नेटवर शोधून मिळवलेल्या भावापेक्षा बऱ्याचदा कमी असतो. काम मोठं असेल तर काही गॅरेजवाले टोचनचे पैसे बिलात निम्मे करतात. मागून बघा, गैर काही नाही.

कोणती गाडी मागवायची

लोक सगळ्यालाच ‘क्रेन’ म्हणतात, पण प्रकार तीन आहेत आणि भाव वेगळे आहेत.

अंडरलिफ्ट म्हणजे मागे लोखंडी काटा असलेली पिकअप किंवा छोटा टेंपो. ती तुमच्या गाडीची दोन चाकं उचलते, उरलेली दोन रस्त्यावर फिरतात. ही सगळ्यात स्वस्त आणि गल्लीबोळात शिरणारी. फ्लॅटबेडचा प्लॅटफॉर्म मागे सरकून खाली तिरका होतो, गाडी विंचने (दोरी गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) वर ओढतात आणि चारही चाकं वर राहतात. ही महाग, लांब, आणि पेठेतल्या अरुंद बोळात वळत नाही. तिसरी हायड्रा, म्हणजे लांब लोखंडी हात (बूम) असलेली उचलणारी क्रेन. ती खड्ड्यात किंवा नाल्यात गेलेल्या गाडीसाठी असते. रस्त्यावर सरळ उभ्या असलेल्या गाडीला कुणी हायड्रा सुचवली तर नकार द्या.

स्वस्त अंडरलिफ्ट चालेल की फ्लॅटबेडच हवी, हे तुमच्या गाडीवर ठरतं, आणि नवखे लोक इथेच फसतात.

ऑल्टो, स्विफ्ट, वॅगनआर, आय-टेन अशा बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेडान पुढच्या चाकांवर चालतात. त्यांची पुढची बाजू उचलली, हँडब्रेक सोडला की मागची चाकं नुसती फिरत जातात. गिअरबॉक्सला काही होत नाही. यांना जवळच्या अंतरासाठी अंडरलिफ्ट पुरते, आणि गाडी ऑटोमॅटिक असली तरी पुढची बाजू उचललेली असेल तर चालतं. उलट, ऑटोमॅटिकची पुढची चाकं रस्त्यावर फिरवत नेली तर इंजिन बंद असल्यामुळे ऑइल पंप चालत नाही, आतले भाग कोरडे फिरतात आणि तापतात. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर या ऑटोमॅटिक प्रकारांतल्या गाड्यांचं नुकसान असंच होतं.

बोलेरो, स्कॉर्पिओ, इको, इनोव्हा क्रिस्टा या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. यांची पुढची बाजू उचलली की मागच्या चाकांबरोबर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) आणि गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरत राहतो. मॅन्युअल असेल तर न्यूट्रलमध्ये दोन-चार किलोमीटर हळू चालून जातं. त्यापुढे न्यायची असेल तर मागची बाजू उचलायला सांगा, आणि मग पुढची चाकं सरळ राहावीत म्हणून स्टिअरिंग पट्ट्याने बांधायला लावा. नुसत्या स्टिअरिंग लॉकवर भरवसा ठेवला तर एका खड्ड्यात तो तुटू शकतो.

फोर-बाय-फोर थार, जिम्नी, ऑल-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही आणि सगळ्या इलेक्ट्रिक गाड्या: फ्लॅटबेड. इथे काटकसर करू नका. ईव्हीची चालणारी चाकं रस्त्यावर फिरली की मोटार वीज तयार करायला लागते, आणि ती वीज जायला वाट नसेल तर इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं. एखादं चाक जाम असेल, सस्पेन्शन तुटलं असेल किंवा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक बॅटरीअभावी सुटत नसेल, तरीही फ्लॅटबेडच, शिवाय चाकाखाली घालायच्या स्केट ट्रॉल्या आहेत का ते विचारायचं. पण बॅटरीमुळे ब्रेक अडकला असेल तर आधी बाहेरून जंपर देऊन ब्रेक सोडवा, स्केटचे पैसे वाचतील.

एएमटी गाड्यांचं (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण गिअर आपोआप बदलणारा) एक खास दुखणं. त्यांत पी नसतो, म्हणून लोक गिअरमध्ये ठेवून उभी करतात. बॅटरी उतरली की गिअर सुटतच नाही. जंपर लावून चावी ऑन करा, ब्रेक दाबा, लीव्हर एनवर घ्या. साध्या ऑटोमॅटिकमध्ये लीव्हर पीमध्ये अडकला असेल तर त्याच्या शेजारी बहुधा एक छोटं झाकण असतं. ते काढून आतली खीळ स्क्रूड्रायव्हरने दाबली की लीव्हर सुटतो.

फोन करताना

गाडी सोसायटीत सुरक्षित उभी असेल तर तुमच्या हातात सगळ्यात मोठा पत्ता आहे: घाई नसणं. ‘आत्ता लगेच’ म्हणालात की भाव चढतो. ‘उद्या दुपारी कधीही, तुमची गाडी इकडून परत जाताना घेतली तरी चालेल’ म्हणालात की तो त्याची रिकामी फेरी भरतो आणि खाली उतरायला तयार होतो. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत अनेक रस्त्यांवर मोठ्या गाड्यांना बंदी असते, आणि रात्री वेगळा भाव लागतो. अकरा ते चार ही वेळ बरी.

तीन-चार जणांना एकच मेसेज पाठवा, म्हणजे भाव तुलना करण्याजोगे येतील:

“स्विफ्ट पेट्रोल, मॅन्युअल. स्टार्ट होत नाही. चारही चाकं फिरतात, न्यूट्रलला आहे, स्टिअरिंग मोकळं. कोथरूडला सोसायटीच्या गेटजवळ उघड्यावर उभी आहे. वारज्याला गॅरेजमध्ये सोडायची. उद्या ११ ते ४ कधीही. अंडरलिफ्टचे सगळं धरून किती?”

सोबत गाडीचा एक फोटो आणि दोन्ही जागांचं लोकेशन. गाडी बेसमेंटमध्ये असेल तर ते लपवू नका. तोंडावर २.१ मीटर वगैरे लिहिलेली उंची कळवा. फ्लॅटबेड आत जात नाही, आणि ही गोष्ट क्रेन दारात आल्यावर कळली तर येण्या-जाण्याचे पैसे द्यावेच लागतात. रॅम्प वर चढवायला मदतनीस लागेल का, विंचची दोरी किती लांब आहे, हे आधीच बोलून घ्या. जमत असेल तर चार जणांनी ढकलून गाडी आदल्या दिवशीच वर काढून ठेवा, मात्र ढकलताना एक जण आत ब्रेकवर हवाच.

भाव सांगितल्यावर विचारायचा प्रश्न एकच: “दादा, गॅरेजमध्ये उतरवून देईपर्यंतचे एकूण किती? वर काही लागणार आहे का?” लोडिंग, वेटिंग, टोल, परतीचं भाडं, हेल्पर, रात्रीचा चार्ज हे शब्द याच प्रश्नात बाहेर काढायचे. उत्तर मेसेजमध्ये लिहून घ्या. १,५०० सांगून वर वेटिंग आणि परतीचे लावणारा माणूस ‘सगळं धरून १,९००’ म्हणणाऱ्यापेक्षा महाग पडतो.

नेटवर कंपनीच्या नावाने फिरणाऱ्या ‘हेल्पलाइन’ नंबरांपासून जपून. पूर्ण पैसे आधी मागणारा, क्यूआर पाठवणारा, मोबाइलवर ॲप टाकायला सांगणारा, हे तिघेही टाळा. कंपनीचा नंबर पॉलिसीवरून किंवा सर्व्हिस बुकावरूनच घ्या. खरा टोचनवाला बहुधा गाडी उतरवल्यावर पैसे घेतो, फार तर डिझेलपुरते आधी मागतो.

क्रेन आल्यावर

हूक लागण्याआधी गाडीभोवती फिरून एक व्हिडिओ काढा: चारही बाजू, चाकं, बंपरचा खालचा भाग, ओडोमीटर. गाडीतल्या मौल्यवान वस्तू आणि कागद काढून घ्या. चावी ऑन करून स्टिअरिंग लॉक सुटल्याची खात्री करा.

टो हूक बहुधा डिकीत जॅकसोबत ठेवलेला असतो. पुढच्या बंपरवर एक छोटं चौकोनी किंवा गोल झाकण दिसेल, ते काढून तिथे हूक पूर्ण आत पिळायचा आणि शेवटी व्हील पान्याने आवळायचा. अर्धवट पिळलेला हूक आटे घेऊन बाहेर येतो. काही गाड्यांत आटे उलटे असतात, सरळ बसत नसेल तर जबरदस्ती करू नका. हूक नाही म्हणून हेल्परने साखळी लोअर आर्म किंवा टाय रॉडला (चाकाला धरणाऱ्या आणि वळवणाऱ्या दांड्यांना) लावायला घेतली तर थांबवा. आर्म वाकला की टोचनपेक्षा अलाइनमेंट आणि सुटे भाग महाग पडतात.

फ्लॅटबेडवर चढवताना खाली असलेला बंपर घासतो. रॅम्पच्या तोंडाशी दोन फळ्या टाकल्या की कोन कमी होतो, बहुतेकांकडे असतात, पण मागाव्या लागतात. वर गेल्यावर चाकांवरून पट्टे आवळलेले हवेत, किमान एक पुढे आणि एक मागे. चार असतील तर उत्तम. आणि टोल लागणार असेल तर हेही बघा: वर चढलेल्या तुमच्या गाडीचा फास्टॅग नाक्यावर वाचला जाऊ शकतो. स्वयंपाकघरातल्या फॉइलने तो झाकला की झालं.

सोबत जाता आलं तर जा. नाही तर गॅरेजवाल्याला उतरवल्यावर फोटो टाकायला सांगा, तो बघून पैसे पाठवा. क्लेम असेल तर क्रेनचा नंबर, तारीख, कुठून-कुठे आणि रक्कम लिहिलेली पावती घ्या.

अपघाताच्या ठिकाणी न बोलावता आपणहून आलेल्या क्रेनचा वेगळा नियम: जागा आणि रक्कम ठरल्याशिवाय हूक लावू द्यायचा नाही, चावीही द्यायची नाही. गाडी एकदा त्यांच्या ओळखीच्या आवारात गेली की पार्किंगचे पैसे रोज चढत राहतात.

हायवेवर

राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा हेल्पलाइन नंबर लावा. पुण्यातल्यांनी लक्षात ठेवावं की कात्रज-देहूरोड बायपासही राष्ट्रीय महामार्गच आहे, म्हणजे नवले पूल किंवा बाणेरला गाडी अडली तरी हाच नंबर. ही क्रेन गाडी धोक्यातून काढून बाजूला नेण्यासाठी असते, तुमच्या गॅरेजपर्यंत पोहोचवण्यासाठी नाही. पुढचं टोचन तुमचं तुम्ही करायचं, पण सुरक्षित जागेवरून, भाव विचारून. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे ‘खोपोलीहून बाइकवर मेकॅनिक येईल’ हा बेत तिथे चालत नाही. तिथल्या गस्तीच्या गाडीला बोलवा. दरम्यान हॅझर्ड लाइट लावा, त्रिकोण निदान पन्नास मीटर मागे ठेवा आणि सगळे जण गाडीतून उतरून रेलिंगच्या पलीकडे थांबा.

दोरीने ओढायची असेल तर

मित्राच्या गाडीने ओढणं फुकट असतं, म्हणून प्रत्येकाला सुचतं. मॅन्युअल गाडी, ब्रेक-स्टिअरिंग शाबूत, सपाट रस्ता, दिवसाची वेळ आणि दोन-तीन किलोमीटर, एवढं जमत असेल तरच. ऑटोमॅटिक, ईव्ही, घाट आणि एक्सप्रेसवे यांसाठी विषय बंद.

नायलॉनची कपडे वाळवायची दोरी नको. निदान तीन ते पाच टन क्षमतेचा टोचन पट्टा घ्या. नियमाप्रमाणे दोन गाड्यांमध्ये ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर लायसन्स असलेला माणूस हवा आणि तिच्या मागे ‘ऑन टो’ अशी पाटी हवी. पट्ट्याच्या मध्यावर लाल कापड आणि एक जाड सतरंजी टाका. पट्टा तुटलाच तर तो चाबकासारखा काचेवर येण्याची शक्यता कमी होते.

मागच्या चालकाला आधी सांगून ठेवा: इंजिन बंद असताना ब्रेक दोन-तीन वेळा नेहमीसारखा लागतो, मग पेडल दगडासारखं होतं आणि पूर्ण ताकद लावावी लागते. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. चावी ऑन राहू द्या, नाहीतर वळणावर स्टिअरिंग लॉक बसेल. पुढच्याने क्लचवर हळूहळू पट्टा ताणून घ्यायचा, झटका द्यायचा नाही, आणि ताशी वीसच्या वर जायचं नाही. पट्टा ताणलेला ठेवणं हे मागच्याचं काम: पुढची गाडी हळू झाली की त्याने हलका ब्रेक लावायचा. पट्टा सैल पडून परत ताणला जातो तेव्हाच हूक उपटतो.

गावाकडे ट्रॅक्टर सहज मिळतो आणि ताकदीचा प्रश्न नसतो, पण त्याचा हिच (मागे ओढण्यासाठी असलेला आकडा) तुमच्या हूकपेक्षा उंच असतो. पट्टा आखूड असेल तर ओढ वरच्या दिशेने लागते आणि बंपर चिरतो. तिथे पट्टा साडेचार मीटरच्या आसपास ठेवा, ट्रॅक्टरच्या खालच्या हिचला बांधा आणि चालवणाऱ्याला पहिल्या गिअरवरच राहायला सांगा.